बकुळाचा डावा पाय

ती लंगडत होती यात तसं विशेष काही नव्हतं. बदकं मुळात डुलतच चालतात, आणि आमची बकुळा तर उरलासुरला भात खाऊन अशी गरगरीत झाली होती की तिचं डुलणं कुठे संपतं आणि लंगडणं कुठे सुरू होतं हे कुणाच्या ध्यानात येऊ नये. मला खटकलं ते वेगळंच. नळाला पाणी यायची पहाटेची वेळ, मागच्या दारी मी पिंप भरत उभी. अंगणात पुरतं उजाडलं नव्हतं. बकुळा खुराड्यातून निघून नळाकडे येत होती. एक पाऊल पूर्ण, एक अर्धं. मधेच थांबायची, डावा पाय पोटाखालच्या पिसांत ओढून घ्यायची, मग पुन्हा जपून टेकायची. तेवढ्यात माझ्या हातून बादली वाजली. तिनं मान वाकडी केली, एका डोळ्यानं माझ्याकडे रोखून पाहिलं, आणि उरलेलं अंगण दोन्ही पायांवर, नीट तालात चालत आली.

मी बघतेय हे कळल्यावर ती लंगडायची थांबली होती.

चर्चगेट लोकलमध्ये नायगावपासून अंधेरीपर्यंत माझ्या डोक्यात तेच. एरवी ही बया किती आरडाओरडा करते! भाताला उशीर झाला की ओरडते, मांजर भिंतीवर बसलं की ओरडते, पावसाची पहिली सर आली तर आनंदानं ओरडते. तिच्या आवाजावर शेजारच्या काकूंनी एकदा तक्रारसुद्धा केलेली. बदकाच्या नराचा आवाज घोगरा, बसलेला असतो. खणखणीत गळा असतो तो मादीचा, हे आम्हाला तिच्यामुळेच कळलं. आणि एवढी बोलकी बाई दुखण्याबद्दल मात्र अवाक्षर काढत नाही? कधीपासून चाललं असेल हे? मी रोज तिच्यासमोरून जात होते. नंतर डॉक्टरकाकांनी सांगितलं की जे दुसऱ्याच्या तोंडचा घास असतात ते सगळे असंच करतात. कळपात जो लंगडा दिसतो त्याच्यावर पहिली झडप पडते, म्हणून बघणारं कुणी असलं की अंगात बळ आणायचं. हे पटलं. पण मग आमच्या अंगणात तिच्या लेखी मी कोण, हा प्रश्न तसाच राहिला. त्याचं प्रामाणिक उत्तर फारसं सोयीचं नाही, कारण बकुळा आमच्याकडे आली होती ती नाताळसाठी.

आमच्या वसईत हे लपवण्यासारखं नाही. ऑक्टोबरच्या सुमारास बाजारातून दोन-तीन पांढरी बदकं आणायची, भात-कोंडा घालून पोसायची आणि नाताळच्या आदल्या दिवशी मोइलीचा, म्हणजे बदकाच्या रश्श्याचा बेत. उन्हाळ्यात कुटून काळ्या-तपकिरी बाटल्यांत दाबून भरलेला मसाला त्या दिवशी मोकळ्या हातानं निघतो. बकुळासोबत आलेलं दुसरं बदक रीतीप्रमाणे पातेल्यात गेलं. ही मात्र नेमकी डिसेंबरात अंड्यावर आली. सकाळी पेंढ्यात हिरवट झाक असलेलं मोठं अंडं सापडलं आणि आईनं तिथल्या तिथे निकाल दिला, ‘हिला राहू दे, केकला अंडी होतील.’ दया वगैरे काही नाही, साधा हिशोब. नाव नंतर पडलं. नाव पडलं की सुरी उचलणं अवघड होतं असं म्हणतात. आमच्याकडे उलटं झालं, सुरी टळली म्हणून नाव ठेवायला उसंत मिळाली.

संध्याकाळी घरी आल्यावर तिला धरली. बदकाला पायाला किंवा पंखाला धरून उचलायचं नसतं, एवढं लहानपणापासून माहीत. दोन्ही पंख अंगाशी दाबून, छातीखाली हात घालून घ्यायची. आजीच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात तिला गुंडाळली, डोक्यावर पदर टाकला. अंधार झाला की ती गप्प बसते. पिसांना ओल्या पेंढ्याचा, थोडा तेलकट वास. मग डावा पाय वळवून तळवा दिव्याखाली धरला. बोटांच्या मधोमध, जिथे सगळा भार पडतो त्या गादीवर, काळी, गोल, कडक खपली. भोवती लालसर सूज, बोटांमधल्या पडद्यापर्यंत ताणलेली. पण खरं सांगितलं ते स्पर्शानं. बदकाचा पाय थंड असतो. पायात उतरणारं ऊन रक्त आणि वर परतणारं गार रक्त यांच्या वाहिन्या एकमेकींना बिलगून जातात, ऊब वाटेतच वर परतते, म्हणून गार पाण्यात तासन्‌तास पोहूनही बदकाच्या अंगातली ऊब पायावाटे वाहून जात नाही. तिचा उजवा पाय तसाच गार होता. डावा चांगलाच गरम. मी खपलीच्या कडेला अगदी हलकेच बोट लावलं तेव्हा लुगड्याच्या आत तिचं सगळं अंग आकसलं.

आवाज तेव्हाही नाहीच.

बाबा ओट्यावरच्या खुर्चीत बसून बघत होते. त्यांचा स्वतःचा डावा पाय स्टुलावर, कारण त्याला तसाच हुकूम आहे. साखरेचा जुना आजार, आणि काही वर्षांपूर्वी चपलेत शिरलेला एक खिळा. तो खिळा तळव्यात घुसलेला असताना ते बाजारात जाऊन, मासळी घेऊन, गप्पा मारून घरी आले होते. लादीवर रक्ताचे ठसे दिसले म्हणून आईला कळलं. त्यांना कळलंच नव्हतं. त्या प्रकरणात करंगळीशेजारचं बोट गेलं. तेव्हापासून आमच्या घरात पाय हा एक स्वतंत्र विषय आहे. गॉज, आयोडीन, कात्री, चिकटपट्टी यांचा डबा मिसळणाच्या डब्याइतकाच हाताशी असतो. आता हे बघा: ज्याला दुखतच नाही तो माणूस खुर्चीत, आणि जिला दुखतं पण दाखवायचं नाही ती माझ्या मांडीवर. बाबा म्हणाले, ‘बाय, माझा पाय इतका निरखून कधी बघितला नाहीस तू.’ ते खरं नव्हतं, पण अगदी खोटंही नव्हतं. त्यांच्या पायाकडे मी बघते ती जखम बघायला. आणि तेव्हा त्यांचं तोंड भिंतीकडे असतं.

आमच्या भागात कुत्र्यामांजरांचे दवाखाने हवे तेवढे. एका ठिकाणी फोन केला तर पलीकडच्या मुलीनं विचारलं, ‘ब्रीड कोणतं?’ मी म्हटलं बदक. जरा वेळ शांतता, मग ‘सर पक्षी बघत नाहीत.’ शेवटी बाबांनी आपल्या जुन्या मित्राला फोन लावला. सरकारी नोकरीत आयुष्यभर गुरं आणि कोंबड्या बघून निवृत्त झालेले डॉक्टर. रविवारी आले, चहा घेतला, आणि तिला मांडीवर घेण्याआधी तिच्या अंगणाकडे नजर टाकली. मला तेव्हा ते जरा विचित्र वाटलं. रोगी इथे, आणि डॉक्टर तिथे काय बघतात? मग पाय बघितला, दाबला नाही, घोट्याच्या सांध्यापर्यंत बोटं फिरवली. ‘बंबलफूट. कोंबड्यांत रोज बघायचो. सूज अजून सांध्यावर चढली नाही, हाडापर्यंत गेलं नसावं. चढली असती तर एक्स-रे काढायला सरळ परळच्या जनावरांच्या इस्पितळात न्यावं लागलं असतं.’ आईनं विचारलं, ‘गळूच ना? पोटीस बांधून फोडू?’ काका हसले. पक्ष्याचा पू वाहतच नाही, ही मला त्या दिवशी कळलेली सगळ्यात चमत्कारिक गोष्ट. आपल्या पांढऱ्या पेशींत पू पातळ करणारी जी द्रव्यं असतात ती पक्ष्यांच्या पेशींत तशी नसतात. त्यामुळे आत साचतं ते वाळून घट्ट गोळा होतं. ते पिळून निघत नाही. पिळलं तर उलट आत, कंडरांच्या आवरणात सरकतं. बहुतेक वेळा जंतू आपल्या ओळखीचाच, स्टॅफिलोकोकस, कातडीवर एरवी निवांत बसलेला. भेग पडली की घरात शिरतो. म्हणून हातमोजे घालायचे, आणि, खुर्चीकडे बोट दाखवून, ‘तू तिच्या पायाला हात लावायचा नाहीस. तुझी जखम उघडी आहे.’

बाबांचं तोंड उतरलं. तिला भात घालणारे तेच.

उपचार असा होता. रोज संध्याकाळी कोमट पाण्यात मॅगसल्फ, म्हणजे एप्सम मीठ, लिटरला दोन मोठे चमचे, आणि त्यात पाय पंधराएक मिनिटं बुडवायचा. कोपर बुडवून सोसवेल इतकंच गरम. केमिस्टकडे हे मीठ मागितलं तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या मालकानं डोळे मिचकावले. त्यांच्या पिढीला ते जुलाबाचं म्हणून ठाऊक. बदकाच्या बाबतीत हाच घोळ आहे, कारण बदकाला पाणी दिसलं की चोच घालायचीच असते. तिनं तेच पाणी पिऊ नये म्हणून तिच्यासमोर वेगळ्या भांड्यात स्वच्छ पाणी ठेवायचं, डोकं बुडेल इतकं खोल, कारण नाकपुड्या आणि डोळे धुतल्याशिवाय बदकाला चैन पडत नाही. म्हणजे एका हातानं तिला टबात धरायची, दुसऱ्या हातानं भांडं सावरायचं, आणि ती मान झटकेल तेव्हा तोंडावर उडालेलं पाणी पुसायला तिसरा हात नाही. पहिले काही दिवस आम्ही दोघी चिंब. आई मागून म्हणायची, ‘लग्न कर म्हटलं तर वेळ नाही हिला.’ नंतर नंतर मात्र ती टबात स्वतःच सैल पडू लागली. ऊन पाणी तिला आवडलं असावं. पापणी खालून वर मिटायची, मान माझ्या दंडावर कलायची. हे प्रेम होतं असं मी म्हणणार नाही. ऊब होती, आणि पायावरचा भार गेला होता. आपल्यालाही याहून जास्त काय लागतं कोण जाणे.

त्या पंधरा मिनिटांत दुसरं काही करता येत नाही. फोन घेता येत नाही, पुस्तक धरता येत नाही. मागच्या दारातून जे दिसेल ते बघत बसायचं. मागे आता एका इमारतीची पाठ दिसते, एसीच्या पेट्या आणि वाळत घातलेले टॉवेल. तिथे आमचं बावखल होतं. बावखल म्हणजे काय हे वसईबाहेर सांगत बसावं लागतं आणि वसईत सांगायची गरज नाही, फक्त ‘आमचं होतं’ एवढं म्हटलं की समोरचाही ‘आमचंही’ म्हणतो. गोड्या पाण्याचा तो खोलगा, काठावर भोकराचं झाड, केळीच्या बागेला पाणी पुरवणारा रहाट. तो मी मोडका पाहिलेला, आजोबांनी चालता. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठाचा चिखल उघडा पडायचा, काळा, मऊ, आणि त्यात बदकांच्या पावलांची नक्षी. लहानपणी आम्ही तिच्या शेजारी आमची पावलं उठवायचो आणि कुणाचं जास्त खोल जातं ते बघायचो. आमचंच खोल जायचं. बदकाचं पाऊल चिखलात नुसतं टेकतं, रुतत नाही. बोटं फाकतात, पडदा ताणला जातो आणि सगळा भार पसरून जातो. २०१८ च्या जुलैत पाणी घरात शिरलं तेव्हा सगळे म्हणाले, बावखलं बुजवली म्हणून. म्हणाले खरं. त्यानंतरही बुजतच राहिली.

आणि अंगण? अंगणातले पेव्हर ब्लॉक आम्ही हौसेनं घातले नव्हते. बाबा पावसाळ्यात शेवाळावरून घसरले. हाड मोडलं नाही एवढंच. साखरेचा पाय, बधिर तळवा, खाली काय आहे ते न कळणारा माणूस. त्याच्या पायाखाली ओली माती कशी ठेवणार? पावसाळा संपताच माणसं बोलावली, माती काढली, खडी-ग्रिट टाकून लाल-करडे ब्लॉक बसवले, उतार काढला. बाबा त्या अंगणात बिनधास्त फिरू लागले. काकांनी चहाचा कप हातात घेऊन ज्याच्याकडे बघितलं ते हे अंगण. पावणेचार किलोचं बदक, खरबरीत सिमेंट, ब्लॉकच्या सांध्यांत वर आलेली बारीक खडी, मे महिन्यात तापलेली फरशी. तिचा तळवा रोज थोडा थोडा झिजत होता. ज्या जमिनीनं एक पाय वाचवला तिनं दुसरा नासवला, आणि यात कुणाचं चुकलं असं मला अजूनही म्हणता येत नाही. मी काकांना विचारलं, मग माती परत टाकायची का? मला वाटलं ते हो म्हणतील, मला तेच ऐकायचं होतं. ते म्हणाले, ‘मातीचं एवढं कौतुक नको. विष्ठेनं ओली राहिलेली माती सिमेंटपेक्षा वाईट. कातडं भिजून मऊ पडतं, एक शिंपला लागला की पुरे. कोरडं आणि मऊ पाहिजे, आणि रोज बदललेलं.’

एका संध्याकाळी आईनं बाबांच्या गुडघ्याची मलमाची नळी आणून दिली. ‘दुखतंय बिचारीला, जरा लाव की हे.’ प्रेमानंच. नळीवरचं औषधाचं नाव मी वाचलं, डायक्लोफिनॅक, आणि हात थांबला. काकांना फोन केला तर पलीकडून आधी एक लांब उसासा. ‘नको. ती चोचीनं पाय चाटूनपुसून साफ करते, सगळं पोटात जाईल. मूत्रपिंडं जातात पक्ष्यांची.’ मग ते बराच वेळ बोलत राहिले, माझ्याशी कमी, स्वतःशी जास्त. नव्वदच्या दशकात हे इंजेक्शन जनावरांना सर्रास टोचलं जायचं. लंगडा बैल दुसऱ्या दिवशी उभा राहायचा, शेतकरी हात जोडायचा. जे जनावर तरीही मरायचं ते गावाबाहेर टाकलं जायचं, गिधाडं उतरायची. मग गिधाडंच दिसेनाशी झाली, आणि का ते २००४ पर्यंत नीट कळलंच नाही. २००६ मध्ये सरकारनं जनावरांसाठीचं डायक्लोफिनॅक बंद केलं आणि मेलॉक्सिकॅम सुचवलं, कारण ते गिधाडांना सोसतं. बकुळाला काकांनी तेच दिलं होतं, वजनावर मोजून, थेंबांत. म्हणजे आमच्या मागच्या दारी एका बदकाच्या चोचीत जे दोन थेंब जात होते, त्यांच्या मागे एवढी मोठी पक्ष्यांची मरणं होती. काका शेवटी म्हणाले, ‘मी किती टोचली असतील, हिशोब नाही.’ आणि पावसाचं विचारून फोन ठेवला.

खपली मऊ व्हायला हवा होता त्याहून जास्त वेळ लागला. मग काका एका सकाळी ओट्यावर बसले, पुढ्यात उकळून घेतलेला चिमटा आणि बारीक पातं. हे घरी स्वतः करू नका, असं त्यांनी मला आधीच बजावलं होतं, आणि बघितल्यावर का ते कळलं. बधिर करायचं औषधसुद्धा पक्ष्याला बेतानं, नाहीतर हृदय थांबतं. मी तिला लुगड्यात धरून बसले, तिचं हृदय माझ्या तळहाताखाली इतक्या वेगानं धडधडत होतं की ठोके वेगळे लागत नव्हते. खपलीचं झाकण निघालं. आतून पिवळट, कोरडी, चिवट गाठ आली, नखाएवढी, मुळासकट. रक्त थोडंच. वास जवळजवळ नाही. काकांनी पोकळी धुतली, बिनदुधाच्या चहाच्या रंगाइतकं पातळ केलेलं आयोडीन घातलं. त्या सगळ्या वेळात तिनं एकदाच आवाज काढला, आणि तो तिचा नेहमीचा खणखणीत आवाज नव्हता. लहान, आत ओढलेला. मला वाटलं होतं तिनं ओरडावं, म्हणजे माझी सुटका होईल. तुला कळतंय ना हे तुझ्या भल्यासाठी आहे, असं माणसाला म्हणता येतं आणि माणूस निदान मान हलवतो. इथे ते वाक्यच नाही. तिच्या बाजूनं बघितलं तर जिच्या दंडावर ती मान टाकत होती तिनंच तिला आज घट्ट आवळून धरलं आणि पाय कापू दिला. दुसऱ्या दिवशी ती मला बघून खुराड्याच्या कोपऱ्यात गेली. पुढे कित्येक दिवस जात राहिली. मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. तिच्या वागण्यात निदान आता लपवाछपवी नव्हती.

खड्डा भरेपर्यंत त्यावर भार पडता कामा नये, ही खरी अडचण. बदकाला ‘झोपून राहा’ कोण सांगणार? काका पट्टीखाली घालायला काहीतरी शोधत होते, मध्ये भोक असलेलं, म्हणजे जखम अधांतरी राहील आणि वजन कडेवर जाईल. बाबा खुर्चीतून म्हणाले, ‘माझ्या चपलेचा तुकडा आहे ना.’ त्यांच्या एमसीआरच्या, म्हणजे साखरेच्या पायासाठीच्या मऊ रबराच्या चपला बनवणाऱ्यानं उरलेला रबराचा तुकडा दिला होता, नवा, मऊ. नेमकं हेच त्यांच्या डॉक्टरांनी त्यांच्यासाठी केलं होतं, जखमेखालची जागा कोरून भार बाजूला काढला होता. बाबांनी स्वतः बसून कापला. हात लावायचा नव्हता म्हणून तिला न शिवता, कागदावर मी काढून आणलेल्या पावलाच्या ठशावरून. तीन बोटांची जागा, मागे निमुळता, मध्ये भोक. पहिला मोठा झाला, दुसरा तिरपा, मग जमलं. गॉज, त्यावर तो तुकडा, त्यावर स्वतःलाच चिकटणारी पट्टी, बोटांमधून फिरवून, फार घट्ट नाही. पट्टी आवळली तर बोटं सुजतात. म्हणून रात्री उठून टॉर्चनं बघायचं. नवा बूट घालून बकुळा जमिनीवर उतरली, पाय उंच उचलून झटकला, पुन्हा झटकला, आणि मग कुणी सरकारी पाहुणी पाहणीला यावी तशी तोऱ्यात चालू लागली. बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

अंड्यांचं सांगायचं राहिलं. तिला अँटिबायोटिक सुरू होतं, आणि औषध चालू असेपर्यंत व पुढेही काही काळ तिची अंडी खायची नाहीत असं काकांनी सांगितलेलं. ती मात्र घालतच होती, पायाचं काहीही असो. आई रोज सकाळी ते अंडं हातात घेऊन उभी राहायची, त्याचं वजन तोलायची आणि मग चिंचेखाली खड्ड्यात पुरायची. त्या दिवसांत मला कळलं की आमच्या घरात बकुळाची जागा बदलली ती कुणाच्या मायेमुळे नाही. औषधानं तिला खाण्याच्या यादीतून बाहेर काढलं. मांस नको, अंडं नको. मग उरलं काय? भात खाणारी, ओरडणारी, बूट घातलेली एक बाई. तिला काय म्हणून ठेवायचं याला आमच्या घरात आधी काही शब्दच लागला नव्हता. आईचा हिशोब जिथे संपतो तिथे ती येऊन बसली, आणि आईनं हिशोब मिटवला नाही, नुसता बाजूला ठेवला.

भात कमी केला. तिचं वजन उतरवायचं होतं, आणि नुसत्या भातावर जीवनसत्त्व ‘अ’ मिळत नाही, त्यानं कातडी कमजोर होते म्हणून शेवग्याचा पाला, गाजराचा कीस, भिजवलेले वाटाणे. बाबांना त्यांच्या ताटातला भात कमी झाल्यावर जितका राग आला होता तितकाच तिला आला. मागच्या कोपऱ्यातले ब्लॉक उचलले, तिथे जाड वाळू आणि त्यावर पेंढा, जो मी रोज कामावर जाण्याआधी बदलते आणि ज्याच्यामुळे माझ्या ओढणीला गाडीत काड्या सापडतात. बाबांची ये-जा पुढच्या बाजूनं, ब्लॉकवरून. दोघांच्या हद्दीत एक वेताची जाळी आहे, पण ती बकुळा मानत नाही आणि बाबाही मानत नाहीत. तळव्यावर नवी, गुलाबी कातडी आली आहे. सगळा भार डाव्यावरून उजव्यावर टाकल्यामुळे उजव्या तळव्यावर मध्यंतरी एक चकचकीत, लालसर डाग दिसत होता. तो हल्ली फिका वाटतो. रविवारी पाय बघायचा दिवस. आधी बाबांचा, खाली आरसा धरून, मग हातमोजे बदलून तिचा.

नाताळला मोइली झालीच. बदक बाजारातून साफ करून आणायचं असं यंदा ठरलं होतं, पण आईचा त्या साफसफाईवर विश्वास नाही, म्हणून पाय, डोकं सगळं तसंच आलं. मोरीत बसून ती पाय तोडून बाजूला टाकत होती. मी एक उचलला, तळवा वर केला. मध्ये तीच काळी, गोल खपली. दुसऱ्यावरही होती. आईनं बघितलं, काही बोलली नाही, मसाल्याची बाटली उघडायला माझ्याकडे दिली, कारण झाकण घट्ट बसलं होतं. रात्री मी जेवले. चांगली झाली होती मोइली, चिंच जरा पुढे होती. बाबांनी आपल्या ताटातला भात मूठभर बाजूला काढला, आईचं लक्ष नाही असं बघून, आणि आईचं लक्ष होतं.